सोळा नंबरचे बिऱ्हाड

कोळी म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे जाळे उभे राहते. रॉबर्ट ब्रूस राजाची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. गुहेत दडून बसलेला पराभूत राजा आणि त्याच्यासमोर पडून पुन्हा चढणारा कोळी. दिवाळीच्या आधी घरातली जळमटे काढताना जो भेटतो तोही जाळेवालाच. परंतु हवेत जाळे न विणणारे कोळीही कितीतरी आहेत. ते जमिनीत बीळ खणतात, त्याला आतून रेशमाचे अस्तर लावतात, तोंडावर बिजागरीचे झाकण बसवतात आणि त्या झाकणाआड आयुष्य काढतात. अशा एका झाकणवाल्या कोळ्याविषयी, त्याच्या घराविषयी आणि ते घर ज्या मुलखात आहे त्या मुलखाविषयी आज आम्हांला चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

प्राणिशास्त्र हा आमचा धंदा नव्हे. आमचे आयुष्य कामगार संघटनेच्या कामात गेले. शाळा लवकर सुटली आणि पुढचे जे काही शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा कोळ्याशी आमचा संबंध काय, असे कोणी विचारील तर ते रास्तच आहे. संबंध एवढाच की, या कोळ्याची हकिकत जगाला कळली ती एका हजेरीपटामुळे. आणि हजेरीपट कसा वाचावा, हे आम्ही धंद्यापायी थोडेफार शिकलो आहोत.

प्रथम मुलूख पाहू. ऑस्ट्रेलिया खंडाच्या नैऋत्य कोपऱ्यात पर्थ हे मोठे शहर आहे. तेथून पूर्वेस सोन्याच्या खाणींकडे सडक जाते, आगगाडी जाते आणि १९०३ साली सुरू झालेली पाण्याची एक मोठी नळवाटही जाते. या वाटेवर पर्थपासून सुमारे १८० किलोमीटरवर टॅमिन नावाचे लहान गाव लागते. आसपास नजर पोचेल तेथवर गव्हाची शेते. या सबंध टापूला तिकडे गव्हाचा पट्टाच म्हणतात. पाऊस बेताचा, आपल्या सोलापूरकडच्यापेक्षाही कमी. आणि तोही मुख्यतः हिवाळ्यात. मात्र तिकडचा हिवाळा म्हणजे आपल्याकडचे मे ते ऑगस्टचे दिवस. उन्हाळा लांब, कोरडा आणि भाजून काढणारा.

गहू येण्यापूर्वी हजारो वर्षे हा नूंगार लोकांचा मुलूख होता आणि त्यावर रान होते. उंच झाडे निलगिरीच्या जातीची, झुडपे बरीचशी बाभळीच्या कुळातली. आपल्याकडच्या सागाप्रमाणे ती एकदम निष्पर्ण होत नाहीत. थोडी थोडी पाने, साली, काटक्या वर्षभर खाली गळत राहतात. झाडाखाली पाचोळ्याचा थर साचतो. पाहणाऱ्याला तो केवळ केरकचरा वाटेल. आपल्या कोळ्याचे मात्र अर्धे घर त्या कचऱ्यावर उभे असते.

या कोळ्याचे शास्त्रीय नाव गेयस व्हिलोसस. व्हिलोसस म्हणजे केसाळ. रेनबो नावाच्या संशोधकाने १९१४ साली शास्त्रात त्याची नोंद केली. कोळ्यांचा जो फार प्राचीन गट आहे त्यातला हा. त्याच्या सुळ्यांवरून ही जुनी घराणी ओळखू येतात. आपल्या घरातल्या कोळ्याचे सुळे चिमट्यासारखे समोरासमोर मिटतात. या गटातल्या कोळ्यांचे सुळे शेजारी शेजारी राहून कुदळीसारखे वरून खाली पडतात. श्वासासाठी यांना पुस्तकाच्या पानांसारख्या घड्यांची फुप्फुसे असतात, तीही दोन जोड्या. अशा फुप्फुसांतून अंगातला ओलावा सहज उडून जातो. कोरड्या मुलखात उघड्यावर राहणे अशा प्राण्याला परवडणारे नाही. म्हणून बीळ. जमिनीच्या पोटात उन्हाळ्यातही गारवा असतो आणि रेशमाच्या अस्तराआड ओल टिकते.

बिळाच्या तोंडाशी माती व रेशीम यांचे पातळ झाकण असते. एका बाजूस रेशमाची बिजागरी आणि वर पाचोळा चिकटवलेला. झाकण मिटले की हातभर अंतरावरूनही ते दिसत नाही. तोंडाच्या कडेला हा कोळी आसपासच्या काटक्या व लांबट पाने आणून रेशमाने जोडतो. ती पंख्याच्या काड्यांसारखी चहूकडे पसरलेली दिसतात. आपण त्यांना शोभा समजू. पण त्या काटक्या म्हणजे दारावरच्या घंटेच्या दोऱ्या आहेत. रात्री मादी झाकण किंचित उचलून उंबऱ्याशी बसते. मुंगी, भुंगेरा किंवा असाच एखादा किडा काटकीवरून चालला की त्याची थरथर तिच्या पायांना कळते. ती झेपावते, भक्ष्य पकडते आणि आत ओढते. काटक्या जितक्या लांब, तितके तिचे शिवार मोठे. घर न सोडता शेती वाढवण्याची ही युक्ती आहे.

घराच्या आतली सोय याहून नवलाची. जुन्या वाड्यांत चोरखण असे, तसा येथेही एक चोरखण आहे. अस्तराचा एक भाग मोज्यासारखा सैल ठेवलेला असतो. शत्रू आत शिरलाच तर मादी खाली सरकते आणि हा मोजा ओढून घेते. कडेला साठवलेला, खाल्लेल्या किड्यांचा कचरा मध्ये येऊन पडतो. पाहणाऱ्याला वाटावे, बीळ येथेच संपले, आत कोणी राहत नाही. कडक उन्हाळ्यात ती दार मातीने लिंपून बंदही करून घेते आणि पावसाची वाट पाहते.

ही सारी मेहनत लक्षात घेतली म्हणजे या मादीच्या स्वभावाचे कोडे उलगडते. रेशीम फुकट येत नाही. ते अंगातल्या सत्त्वातून काढावे लागते. खोदाई म्हणजे भूक वाढवणे, आणि त्या मुलखात अन्न तर तुटपुंजे. तेव्हा बीळ हीच तिची आयुष्याची पुंजी. एकदा बांधलेले घर ती सोडीत नाही. वाढ होईल तसतशी ती बीळ रुंद करते, झाकण मोठे करते, मोडतोड दुरुस्त करते. पण पत्ता तोच. नराचे तसे नाही. सुमारे पाच वर्षांनी तो वयात येतो, ओल धरलेल्या दिवसांत घर कायमचे सोडून मादीच्या शोधात निघतो आणि त्यानंतर फार जगत नाही. पिल्ले काही काळ आईच्या बिळात राहतात. पाऊस पडून माती मऊ झाली की बाहेर पडतात, पायी थोडे अंतर चालतात आणि आपापले चिमुकले बीळ खणतात. म्हणून या कोळ्यांची वस्ती विखुरलेली नसते. एका जागी आळी वसल्यासारखी ती असते. मध्ये जुने मोठे दार, भोवती लेकीबाळींची लहान दारे.

आता त्या हजेरीपटाकडे वळू. तो मांडणाऱ्या बाईंचे नाव बार्बरा यॉर्क मेन. जन्म १९२९ चा. टॅमिनजवळच्याच एका शेतावर त्या वाढल्या. पुढे पर्थच्या विद्यापीठात त्यांनी प्राणिशास्त्राचा अभ्यास केला आणि आयुष्य कोळ्यांना वाहिले. १९६७ साली त्यांनी आपल्या भागातल्या रानाविषयी आणि ऋतूंविषयी ‘बिट्वीन वोडजिल अँड टॉर’ हे पुस्तकही लिहिले. १९७४ साली टॅमिनजवळ नॉर्थ बंगुला नावाच्या राखीव रानाच्या तुकड्यात त्यांनी या कोळ्यांच्या बिळांना नंबर द्यावयास सुरुवात केली. प्रत्येक बिळाशेजारी नंबराची खूण. मग वर्षानुवर्षे त्याच बिळांपाशी परत जावयाचे. दार शाबूत आहे का, रुंदी किती, आत कोणी आहे का, हे पाहावयाचे आणि वहीत लिहावयाचे. काम दिसावयास साधे. परंतु असा उपक्रम एका वर्षी करणारे पुष्कळ असतात; चाळीस वर्षे करणारा एखादाच.

कारखान्यात माणसाला नंबर पडला की त्याचे नाव मागे पडते, ही आमची जुनी तक्रार. येथे मात्र नंबर पडला म्हणूनच एका जिवाचे चरित्र लिहिले गेले. १९७४ च्या मार्चमध्ये ज्या अगदी लहान बिळांची नोंद झाली त्यांत एक होते सोळा नंबरचे. आईचे घर सोडून नुकत्याच बाहेर पडलेल्या पिल्लाचे ते पहिलेच घर. बाकीची दारे एकामागून एक बंद पडत गेली. नवी दारे उघडली, तीही बंद पडली. सोळा नंबर हजर. विसावे शतक संपले, सोळा नंबर हजर. मेन बाई वृद्ध झाल्या. त्यांच्या कामात लिअँडा मेसन ही तरुण संशोधिका सामील झाली, तरीही सोळा नंबर हजर.

येथे कोणी शंका काढील, बीळ तेच असले तरी आतला प्राणी तोच कशावरून? चाळीतली खोली एका नावावर असते आणि पिढ्या बदलतात, तसे येथे झाले नसेल कशावरून? शंका योग्य आहे आणि तिला उत्तरही आहे. या जातीची मादी घर बदलीत नाही. पिल्ले आपले बीळ स्वतः खणतात; मेलेल्याच्या रिकाम्या बिळात हे कोळी राहावयास जात नाहीत. आणि पिल्लाचे बीळ अरुंद असते, ते वयानुसार रुंदावत जाते. मोठ्या दारामागे अचानक लहानगे बिऱ्हाड आले तर ते लपत नाही. ज्याचे घर त्याच्याच देहाच्या मापाने वाढते, त्याच्या वयाचा दाखला घरच देते.

२०१६ च्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस मेसन तेथे गेल्या तेव्हा सोळा नंबरच्या झाकणाला भोक पडलेले होते. बीळ मोडकळीस आले होते आणि आत कोणी नव्हते. त्या भोकाची तऱ्हा परजीवी गांधीलमाशीची होती. अशी माशी आत शिरून कोळ्याच्या अंगावर अंडे घालते. अळी निघते ती त्या देहावरच पोसली जाते. म्हणजे सोळा नंबर म्हातारपणाने गेली असेही म्हणता येत नाही. वय ४३ वर्षे. तोवर सर्वांत दीर्घायुषी म्हणून नोंदलेला कोळी मेक्सिकोतला, २८ वर्षांचा होता. मेसन, त्यांचे सहकारी आणि मेन यांनी ही हकिकत २०१८ साली शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. वर्तमानपत्रांनी ती जगभर नेली. पुढच्याच वर्षी, २०१९ साली, मेन बाई वारल्या.

वर्तमानपत्रांना उच्चांकाचे आकर्षण असते. त्रेचाळीस वर्षांचा कोळी, एवढे छापले की त्यांचे काम झाले. परंतु हजेरीपटात उच्चांकापेक्षा महत्त्वाची एक गोष्ट दडलेली आहे, आणि तीसाठीच आम्ही हा विषय घेतला.

त्याआधी त्या रानाचे काय झाले ते पाहिले पाहिजे. गव्हाच्या पट्ट्यात जंगलतोड एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जोराने सुरू झाली. दोन्ही महायुद्धांनंतर परतलेल्या सैनिकांना तेथे जमिनी देण्यात आल्या. १९५० आणि १९६० च्या दशकांत तर दरसाल दहा लक्ष एकर जमीन मोकळी करावयाची, हीच घोषणा झाली. दोन ट्रॅक्टरांच्या मध्ये जाड साखळदंड बांधून तो रानातून ओढीत नेत आणि झाडे आडवी करीत. मग ती जाळीत. या पट्ट्यातले नव्वद टक्क्यांहून अधिक मूळ रान नाहीसे झाले. ज्यांनी ते केले त्यांना आम्ही दोष देत नाही. गरजू माणसे होती, कष्ट उपसून त्यांनी गहू पिकवला, आणि त्या गव्हाने पुष्कळांची पोटे भरली. पण हिशेबाची दुसरी बाजूही आहे. जुन्या झाडांची मुळे खोल जात आणि पावसाचे पाणी पिऊन टाकीत. गव्हाची मुळे उथळ आणि पीकही काही महिन्यांचे. न वापरलेले पाणी जमिनीत मुरत गेले, भूजल वर चढले आणि युगानुयुगे खाली साठलेले मीठ घेऊन आले. आपल्या कृष्णाकाठी कालव्याच्या अति पाण्याने जमिनी क्षारपड झाल्या. तिकडे कालव्यावाचून, केवळ झाडे गेल्याने, तोच प्रकार झाला. उरलेसुरले रानही त्या मिठाने काही ठिकाणी मरते आहे.

जे वाचले ते तुकड्यातुकड्यांनी: कुठे खडकाळ टेकाड, कुठे सडकेकाठची पट्टी, कुठे नॉर्थ बंगुलासारखे राखीव रान. पाखरू एका तुकड्यातून उडून दुसऱ्यात जाईल. वाऱ्यावर धागा सोडून तरंगत जाणारी पिल्लेही काही कोळ्यांची असतात. आपल्या कोळ्याची पिल्ले पायी निघतात. नांगरलेले शेत ओलांडणे त्यांच्या शक्तीबाहेरचे. शेतात पाचोळा नाही, काटक्या नाहीत, सावली नाही. ज्या तुकड्यात जन्म, त्यातच जगणे. आणि तो तुकडा मेंढरांच्या खुरांनी तुडवला गेला किंवा आगीत जळाला तर दुसरा आसरा नाही.

आता हजेरीपट. एका कारखान्यातल्या एका खात्याची गोष्ट आमच्या माहितीतली आहे. नाव सांगण्याचे कारण नाही. त्या खात्यात कायम कामगारांची नवी भरती एके वर्षी बंद झाली. कोणाला काढले नाही, कोणाची रोजी बुडाली नाही. दर महिन्याला हजेरीपट भरलेला, यंत्रे चालू, पगार वेळेवर. आम्ही भरतीचा प्रश्न काढला की उत्तर मिळे, खाते तर चालू आहे! होतेच चालू. पुढे एकेक माणूस निवृत्त होत गेला आणि अखेरच्या माणसाला नारळ व शाल मिळाली त्या दिवशी सर्वांनी म्हटले, खाते आज बंद झाले. वास्तविक ते बंद झाले होते भरती थांबली त्या वर्षी. मधली वर्षे केवळ जुन्या माणसांच्या दमावर निघाली.

दीर्घायुषी प्राण्यांच्या बाबतीत असेच घडते. समजा, रानाच्या एखाद्या तुकड्यात दहा मोठी दारे आहेत आणि दहाही आत माद्या जिवंत आहेत. पाहणारा म्हणेल, वस्ती सुखरूप आहे. पण भोवती लहान दार एकही नसेल तर? वणव्याने पाचोळा गेला असेल, पावसाचे मान घटले असेल, भटकणाऱ्या नरांना वाट उरली नसेल, पिल्लांना खणावयास मऊ जमीन मिळत नसेल. माद्या वीस-तीस वर्षे दार उघडमीट करीत राहतील आणि वस्ती मात्र आधीच संपलेली असेल. ज्या प्राण्याचे आयुष्य एका वर्षाचे, त्याचे अरिष्ट वर्षात दिसते. ज्याचे आयुष्य चाळीस वर्षांचे, त्याचे अरिष्ट दिसू लागेतो उपाय करण्याची वेळ निघून जाते. दीर्घायुष्य हे बळ खरे, पण ते पाहणाऱ्याच्या डोळ्यांत धूळही टाकते.

ही केवळ कल्पना नव्हे. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या शेतीच्या व कोरड्या भागांतून झाकणवाले कोळी घटत चालले आहेत, असा इशारा तेथील संशोधकांनी २०१७ साली एका लेखात दिला. त्या संशोधकांत मेन बाईही होत्या. अशा इशाऱ्याला आधार कशाचा? चार-दोन दिवसांच्या पाहणीचा नव्हे. त्याच जागी परत परत जाणाऱ्या, लहान दारे आणि मोठी दारे वेगळी मोजणाऱ्या माणसांच्या वह्यांचा. तीन वर्षांची योजना, तीन वर्षांचा निधी आणि मग अहवाल, अशी हल्लीची बहुतेक कामाची पद्धत. सोळा नंबरच्या आयुष्यात अशा चौदा योजना मावल्या असत्या, आणि एकीलाही ती केव्हा जन्मली व केव्हा गेली हे दोन्ही कळले नसते.

आपल्या श्रोत्यांना वाटेल, हे सारे साता समुद्रापलीकडचे. तसे नाही. झाकणवाल्या कोळ्यांचे हेच कूळ आपल्याकडेही आहे. २००५ साली शास्त्रात नोंदलेल्या त्याच्या एका जातीला तर मुंबईचेच नाव मिळाले, आयडिऑप्स बॉम्बेएन्सिस. आपल्याकडे मातीच्या उतारांवर, दरडींच्या कडांवर अशा कोळ्यांची बिळे असतात, आणि नेमक्या याच जागा आपण निरुपयोगी समजून यंत्राने खरवडून साफ करतो. डोळे उघडे ठेवून पाहणारा एखादा शिक्षक, एखादा विद्यार्थी, एखादा शेतकरी आपल्या गावच्या बांधावरील दहा दारांना नंबर घालू शकेल. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. वही लागते, मोजपट्टी लागते आणि दर वर्षी त्याच जागी जाण्याचा नेम लागतो. नेमाने वारीला जाणाऱ्यांच्या आपल्या मुलखात हा गुण दुर्मिळ असू नये.

मात्र मोजताना एक पथ्य पाळावे. मोठी दारे दिसली म्हणून समाधान मानू नये. प्रथम लहान दारे शोधावीत, कारण वस्तीचे पुढचे दिवस त्या लहान दारांमागे असतात. ती सापडली तर त्या जागेचा पाचोळा हलवू नये, काटक्या उचलू नयेत आणि तेथून पाऊल जपून टाकावे. ती सापडली नाहीत तर मोठी दारे अजून उघडी आहेत तोवरच ओरड करावी. सोळा नंबरच्या त्रेचाळीस वर्षांच्या हजेरीतून आम्ही तरी एवढेच शिकलो.